दगड एकाचा, माती दुसऱ्याची

बाई, तुमच्यासाठी खड्डा दोनदा खणावा लागला.

हे तुम्हाला आता कोण सांगणार, म्हणून मीच सांगतो. जागा तुम्ही स्वतः दाखवून ठेवली होती, तुमच्या आईच्या दगडाच्या उजव्या अंगाला. तुमच्या हातच्या नकाशात तिथे एक कोरा चौकोन आहे आणि आत पेन्सिलीनं 'रिकामी' असं लिहिलंय. दफनभूमीचे याकोबदादा सकाळी नऊला खणायला उतरले. कंबरभर खोल गेल्यावर त्यांनी कुदळ बाजूला टेकवली आणि हातानं माती चाळायला लागले.

"विलास," ते खालूनच म्हणाले, "रिकामी नाय ही. इथं कोणीतरी हाय."

त्यांच्या तळहातावर हिरव्या काचेच्या बांगडीचे दोन तुकडे होते. मातीनं माखलेले, तरी उन्हात चमकले.

पाळकसाहेब आले, छोटी प्रार्थना केली. तुकडे होते तिथे परत ठेवून खड्डा बुजवला आणि हातभर अंतर सोडून नवा खणायला घेतला. लोक म्हणाले, जुनी जमीन आहे, असं होतंच. दुपारी चर्चमधून तुम्हाला आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बायकांनी गीत म्हटलं, प्रत्येकानं मूठमूठ माती टाकली. मीही टाकली. पण माझी नजर तुमच्या पेटीवर नव्हती, त्या बुजवलेल्या खड्ड्यावर होती. त्यावरची ओली माती सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली बसत होती, आणि 'रिकामी' जागा भरलेली का निघाली हे तिथे जमलेल्यांत एकट्या मला ठाऊक होतं.

तुम्ही माझ्या सातपूरच्या गाळ्यात आलात त्याला तीन वर्षं होतील. मी मोटारींवरच्या, पंपांवरच्या पट्ट्या कोरतो, कंपनीचं नाव, नंबर, व्होल्ट असलं सगळं. तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि मी कुणी न सांगता स्टूलवरून उठलो. तुमच्याकडे बघितलं की कुणालाही आपण वर्गात उशिरा आलोय असंच वाटायचं. निवृत्त होऊनही तुमच्यातली शिक्षिका काही निवृत्त झाली नव्हती.

"अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या हव्यात," तुम्ही म्हणालात. "एक ते एकशे बारा. कबरींवर लावायच्या आहेत."

"बाई, नावंही कोरून देतो की. मशीनला काय, आकडा आणि नाव सारखंच. दगड झिजले तरी पट्टी राहील."

"नावं नकोत. नुसते आकडे."

तुमचा आवाज असा होता की मी पुढे विचारलं नाही. पट्ट्या लावून द्यायलाही मीच आलो, कारण तुम्ही ड्रिल धरू शकत नव्हतात. नांदगावकडच्या माझ्या गावात मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी राख होऊन पाण्यात जातो. कबरस्तानात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. माणूस गेलाय आणि तरीही तिथेच आहे, ही गोष्ट मला नवी होती. रिक्षास्टँडच्या मागचं ते लोखंडी फाटक ढकलून आत आलो आणि दहा पावलांत हॉर्नचे आवाज मागे राहिले. आत कडुलिंबाखाली हिरवट अंधार. भर दुपार होती, तरी मला आधी थंडी वाजली.

तुम्ही एकेक दाखवत होतात. वाफेनं भाजून गेलेला गोरा इंजिन ड्रायव्हर. एका मॅजिस्ट्रेटची बायको आणि तिच्या शेजारी तिची तीन तान्ही मुलं. इथला पहिला मराठी उपदेशक. आणि मधोमध डॉक्टरसाहेब. प्लेगच्या साथीत सगळे गाव सोडून माळावर राहायला गेले तेव्हा हा गोरा डॉक्टर झोपड्या-झोपड्यांतून फिरत राहिला आणि शेवटी त्याच रोगानं गेला. त्याला शहर विसरलेलं नव्हतं. दगडापाशी झेंडूच्या माळा, उदबत्त्यांची राख, नारळाच्या शेंड्या. सगळ्या धर्मांची माणसं येऊन त्याला आपली दुखणी सांगत.

त्याच्या अगदी बाजूला एक गुडघाभर उंचीचा दगड होता. त्यावर मराठीतच कोरलं होतं, 'रूथ. आफ्रिकेची कन्या. वय चौदा.' गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकेची मुलं एकेकाळी इथे शरणपूरला आणून वाढवली होती, हे मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. कुठला समुद्र आणि कुठली गोदावरी. मला त्या दगडासमोर कसंतरीच झालं. मी ड्रिल खाली ठेवून मोठ्यानं वाचलं, "रूथ."

तुम्ही झटकन माझा दंड धरलात. "इथे नाव मोठ्यानं घ्यायचं नाही."

"का, बाई?"

"वर्गात एकाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तर त्याला कसं वाटतं?"

मला काही कळलं नाही. तुम्ही म्हाताऱ्या आहात, एकट्या आहात, असं मनाशी म्हणून मी सोडून दिलं. पण त्यानंतर दर रविवारी दुपारी मी येत राहिलो. कधी पट्टी ढिली झालेली असायची, कधी नुसताच यायचो. तुम्ही दगडांमधून फिरायचात आणि प्रत्येकापाशी थांबून ओठ हलवायचात. मी समजायचो की प्रार्थना चाललीय. एकदा मागून जवळ आलो तेव्हा ऐकू आलं. तुम्ही प्रत्येकाला एवढंच म्हणत होतात, "माफ करा. माफ करा."

ग्रेस पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तिथेच होतो. मोंबासाहून आलेल्या, साठीच्या आसपासच्या, उंच, केसांना पिवळा रुमाल. त्यांच्या पणजीची धाकटी बहीण रूथ. पणजी इथून परत गेली, रूथ इथेच राहिली. तुम्ही त्यांना त्या लहान दगडापाशी नेलंत. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि कपाळ दगडाला टेकवून इतका वेळ रडल्या की याकोबदादांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. जाताना त्यांनी मूठभर माती रुमालात बांधली. म्हणाल्या, आईच्या कबरीत मिसळणार, आई आयुष्यभर हिच्याबद्दल बोलायची. मला भरून आलं होतं. तुमच्याकडे बघितलं तर तुमचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, ऊन लागलं.

मी येऊ लागल्याला दोन वर्षं झाली, त्या उन्हाळ्यात मला कळलं.

रूथच्या दगडावरची पट्टी निघाली होती. ती शोधताना कबरीच्या पायथ्याशी माझा स्क्रू ड्रायव्हर कशावर तरी आपटला. हातानं माती काढली तर वीतभर खाली छोटा दगड, घट्ट रुतलेला. इथल्या जुन्या कबरींना डोक्याशी मोठा दगड असतो आणि पायाशी असा छोटा, त्यावर फक्त नावाची आद्याक्षरं. माझं अख्खं आयुष्य अक्षरं कोरण्यात गेलंय. ब्रशनं साफ केल्याबरोबर ओळखली. दोन इंग्रजी अक्षरं, आणि ती रूथची नव्हती. डॉक्टरसाहेबांची होती.

मी ज्याला दोन वर्षं चौदा वर्षांची पोर समजून हळू पावलं टाकत होतो, तिथे खाली कोणी भलताच पुरुष झोपला होता. मान वर केली तर तुम्ही उभ्या होतात. कधी आलात ते कळलंच नाही.

"माती लोट," तुम्ही म्हणालात.

"बाई, हे बघा तरी…"

"मला माहीत आहे. माती लोट आधी."

मग भिंतीशी बसून तुम्ही सगळं सांगितलंत. तुम्ही पंचविशीत असताना वादळात चिंचेचं झाड पडलं, अर्धी भिंत आणि कितीतरी दगड घेऊन. झाड काढायला आलेल्या मजुरांनी वाट करायची म्हणून उरलेलेही दगड उपटले आणि फाटकाशी रचून ठेवले. नकाशा कुठेच नव्हता. तुमचे पप्पा तिथले राखणदार, त्यांची नजर अधू झालेली. तुम्ही दोघांनी आठवडाभर खपून दगड परत बसवले. थोडे आठवणीनं, बाकीचे अंदाजानं.

"पप्पा म्हणाले, मोठा दगड मोठ्या जागेवर लाव. मी लावला. तेव्हाच मला वाटलं होतं की हे चुकतंय."

"मग आता बदलू या. पायाचे दगड हललेले नाहीत बाई, खाली रुतून बसलेत. सगळे उकरले तर निम्म्यांचा तरी पत्ता लागेल."

"नको."

"ग्रेसबाई डॉक्टरची माती घेऊन गेल्या! त्यांच्या आईच्या कबरीत कोण मिसळलंय, कळतंय का तुम्हाला?"

"मला कळत नाही?" तुम्ही इतक्या जोरात बोललात की कडुलिंबावरचे कावळे उडाले. "उद्या ही गोष्ट बाहेर गेली की इथे एकही दगड खरा राहणार नाही. जो खरा आहे तोसुद्धा. माणसं कुठे उभी राहणार, विलास?"

मी चिडून म्हणालो, "तुम्ही शिक्षिका होतात. पोरांना खोटं चालवून घेतलं असतंत का?"

तुम्ही उठून गेलात. पुढचे सहा महिने आपण बोललो नाही.

मी तेव्हा तुम्हाला भित्री समजलो, बाई. तुमच्या आईच्या कबरीला लाकडी क्रूस होता आणि तोही त्याच वादळात गेला, हे तुमच्या तोंडून ऐकायला मला फार उशीर झाला. पप्पांनी बोट केलं, "इथंच असावी," आणि तुम्ही तिथे दगड बसवलात. 'असावी' या शब्दावर तुम्ही चाळीस वर्षं दर रविवारी फुलं ठेवलीत. बाकीचे दगड हलले असते तर तुम्हाला तोही हलवावा लागला असता. आणि तिच्या पायाशी दगडच नव्हता. तुम्हाला एवढंच कळलं असतं की ती इथे नाही. कुठे आहे, हे कधीच नाही. तेव्हा हे विचारायला हवं होतं. मी अक्षरं वाचत बसलो.

शेवटी हॉस्पिटलमध्ये आपली गाठ पडली. मी आलो तेव्हा तुम्ही खिडकीकडे तोंड करून पडला होतात. नर्सनं येऊन हाक मारली, "लीलाबाई, गोळी घ्या." आणि तुम्ही वळून "हो" म्हणालात. गोळी घेणार, तेवढ्यात मी हात धरला. मनगटावरच्या पट्टीवर शेजारच्या कॉटवरच्या बाईंचं नाव होतं. नर्स घाबरली, माफी मागत धावत गेली.

"बाई, तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सकाळपासून लीलाबाईच म्हणतायत." तुम्ही अगदी शांत होतात. "मी म्हटलं, आपण एवढ्या लोकांना दुसऱ्यांच्या नावाखाली ठेवलंय. एक दिवस आपणही राहून बघावं."

"काय वाटलं मग?"

तुम्ही मनगटावरची पट्टी बोटानं फिरवलीत. "दुपारपर्यंत राग येतो. मग आपलं नाव काय होतं, तेच आठवेनासं होतं."

त्या वॉर्डात पंखे गरागरा फिरत होते, माणसं ये-जा करत होती, आणि मला मानेवर कुणी ओला हात ठेवावा तसं झालं. त्याच दिवशी तुम्ही आईचं सांगितलंत. उशीखालून नकाशाची वही काढून माझ्या हातात दिलीत. "मी आहे तोवर माती हलवू नकोस," म्हणालात. पुढचं वाक्य अर्धं राहिलं, कारण डॉक्टर राउंडला आले. मी दुसऱ्या दिवशी येणार होतो. माझ्या मशीनची डिलिव्हरी होती, मी आलो नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सातपूरला एका पंपाचा नंबर कोरत होतो. ते अर्धं वाक्य काय होतं, बाई? 'मग तुझं तू बघ' होतं, की 'नंतरही नको' होतं? दोन्ही तुमच्या आवाजात ऐकून बघतो. दोन्ही खरी वाटतात.

हिरव्या बांगड्यांची ती बाई तुमची आई होती असं मला वाटतं. पप्पांचा अंदाज फक्त एका जागेनं चुकला असावा. सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. पण तुम्ही स्वतःसाठी रिकामी म्हणून राखलेल्या जागेत ती इतकी वर्षं पडून होती आणि तुम्ही तिच्यावर उभ्या राहून शेजारच्या कुणाला तरी फुलं वाहत होतात, हे मनात आलं की मी हातातलं काम थांबवतो. अन्याय कुणावर झाला, तेच ठरत नाही. तुमच्यावर, तिच्यावर, की जिला परक्या लेकीची फुलं मिळाली तिच्यावर?

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले आणि ग्रेस आल्या. तुम्हाला भेटायला येणार होत्या, पत्र तुमच्या घरच्या टपालपेटीत पडून होतं, मला ठाऊक नव्हतं. नाशिक रोडला उतरून थेट फाटकाशी. याकोबदादांनी मला फोन केला. मी पोचलो तेव्हा त्या तुमच्या ताज्या ढिगाऱ्यापाशी उभ्या होत्या. मग त्या मागच्यासारख्याच रूथच्या दगडाकडे वळल्या आणि गुडघ्यांवर बसायला लागल्या.

मला ते बघवलं नाही. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सगळं सांगून टाकलं. झाड, दगड, तुमचे पप्पा, पायाशी सापडलेली अक्षरं. तुमचं नाव राखायचा प्रयत्न केला, नीट जमला नसेल. त्या तशाच अर्ध्या वाकलेल्या राहिल्या. मला वाटलं, आता माझ्या तोंडात मारतील.

"म्हणजे माझ्या आईपाशी तुमचा डॉक्टर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आई गेली तेव्हा आमच्याकडे डॉक्टर वेळेवर पोचला नव्हता."

त्या रडल्या की हसल्या, मला सांगता येणार नाही. मग विचारलं, "आणि रूथ?"

दोन दगडांची अदलाबदल झाली असेल तर ती शेजारीच असणार. मी पाळकसाहेबांना फोन लावला, त्यांचा होकार घेतला. तुमचा घेता येत नव्हता. याकोबदादा आणि मी डॉक्टरसाहेबांच्या कबरीच्या पायथ्याशी बसलो. वाळलेल्या माळा बाजूला केल्या, राख बाजूला केली आणि हातांनी उकरायला लागलो. कडुलिंबाखाली पानही हलत नव्हतं. खाली कुणीतरी श्वास धरून वाट बघतंय असं मला वाटत होतं, आणि याकोबदादांनाही वाटत असावं, कारण एरवी अखंड बोलणारा तो माणूस चकार शब्द काढत नव्हता. वीतभर खाली दगड लागला. ग्रेसनी डोक्यावरच्या रुमालानं पुसला. एकच अक्षर होतं. रूथचं.

ग्रेस त्या अक्षरावर हात ठेवून बसल्या. मागे चपलांचा आवाज झाला.

फुलांची पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. अंबडला कंपनीत पॅकिंगला जाते, पुढे तिनंच सांगितलं. उकरलेली माती बघून ती भडकली. "ओ भाऊ, काय चाललंय? डॉक्टरसाहेबांना कशाला तरास देता? माझी पोरगी तीन आठवडे तापानं फणफणत होती. इथं बोलून गेले आणि उतरला ताप. नवस फेडायला आले मी."

मला तुमची आठवण आली, बाई. 'डॉक्टरसाहेब इथंच असावेत' म्हणून वेळ मारून नेता आली असती. तुम्ही ते का करत आलात, हे त्या क्षणी मला पुरतं कळलं. तरी मी म्हणालो, "ताई, इथे डॉक्टरसाहेब नाहीत. दगड बदलले गेलेत. ते त्या बाजूच्या दगडाखाली आहेत. इथे रूथ नावाची मुलगी आहे. आफ्रिकेतून आणलेली. या तिच्या घरच्या."

ती बाई त्या दगडाकडे बघत राहिली. मग ग्रेसकडे. तिनं पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"केवढी होती?" तिनं विचारलं.

"चौदा वर्षांची."

"म्हणजे माझ्या पोरीएवढीच." ती एक पाऊल मागे सरली. मला वाटलं, आता ती फुलं घेऊन शेजारच्या दगडाकडे जाईल. "आणि मी त्या दिवशी घाईघाईत बोलून गेले की. डॉक्टर हाय, त्याला काय, थोडक्यात कळतं म्हणून. पोरीला कसं कळलं असेल?"

ती ग्रेसच्या शेजारी मातीतच मांडी घालून बसली. पिशवीतली निम्मी फुलं तिनं ग्रेसच्या ओंजळीत दिली, निम्मी स्वतःकडे ठेवली. मग खाली वाकून, आवाज बारीक करून, लहान पोरीशी बोलावं तसं, ताप आला त्या पहिल्या दिवसापासून सगळं नीट सांगायला लागली.